‘त्या वेळचे शंभर रुपये’ : ग्राहक मूल्य निर्देशांकाच्या एका उपयोगाची चिकित्सा

मराठीतील चरित्रे, संस्थांचे इतिहास, स्मरणिका आणि अलीकडे विद्यापीठीय प्रबंध यांमध्ये एक लहानसा कंस वारंवार आढळू लागला आहे. अमुक शिक्षकास १९६० साली दरमहा शंभर रुपये वेतन होते, असे विधान येते आणि लगेच कंसात ‘आजचे सुमारे साडेनऊ हजार’ असा खुलासा येतो. वाचकाची सोय व्हावी हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. जुन्या रकमा उघड्याबोडक्या वाचल्या तर एक तर त्या हास्यास्पद वाटतात, नाही तर ‘काय स्वस्ताई होती हो’ असा नेहमीचा उसासा निघतो. इतिहासाच्या अभ्यासास दोन्ही निरुपयोगी. परंतु हा कंस ज्या आत्मविश्वासाने घातला जातो तो पाहता त्यामागील साधनाची तपासणी होणे अगत्याचे आहे. आकडा कोणत्या निर्देशांकावरून काढला, तो निर्देशांक कोणत्या वर्गाचा, कोणत्या गावचा, याचा उल्लेखही बहुधा नसतो. रुपया ही जणू एक लांबी असून ती फुटांतून मीटरमध्ये मांडून दाखविण्याचेच काय ते काम उरले आहे, अशी समजूत या लेखनातून दिसते.

साडेनऊ हजारांचा आकडा येतो तो असा. औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक मूल्य निर्देशांक केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो दरमहा प्रसिद्ध करीत आला आहे. १९६० हे वर्ष शंभर मानून सुरू झालेल्या या मालिकेचा पाया पुढे १९८२, २००१ आणि २०१६ असा तीन वेळा बदलण्यात आला. प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यासाठी एक गुणक जाहीर झाला : १९६० व १९८२ यांच्या सांध्यासाठी ४.९३, १९८२ व २००१ यांच्यासाठी ४.६३, २००१ व २०१६ यांच्यासाठी २.८८. या तिहींचा गुणाकार ६५.७४ होतो. डिसेंबर २०२४ चा निर्देशांक २०१६ च्या पायावर १४३.७ होता, तो ६५.७४ ने गुणला म्हणजे १९६० च्या पायावर सुमारे ९,४४७ येतो. म्हणून १९६० चे शंभर म्हणजे डिसेंबर २०२४ चे ९,४४७. गणित बिनचूक आहे. शंका आहे ती या वाक्यातील ‘म्हणजे’ या शब्दाविषयी.

कालांतराने पैशाचे मोल काय होते हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे पहिले व्यवस्थित उत्तर देणारा माणूस अर्थशास्त्रज्ञ नव्हे तर धर्मोपदेशक होता. इंग्लंडमधील विल्यम फ्लीटवुड याने १७०७ मध्ये ‘क्रॉनिकॉन प्रेशिओसम’ हा ग्रंथ लिहिला. सहाव्या हेन्रीच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यास, स्थापन झालेल्या एका महाविद्यालयाचा नियम असा होता की ज्याचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न पाच पौंड आहे त्यास तेथील अधिछात्र म्हणून राहता येणार नाही. अडीचशे वर्षांनंतर सहा पौंड मिळविणाऱ्या माणसाने शपथेवर काय सांगावे, असा खरोखरीचा नैतिक पेच त्यातून निर्माण झाला होता. फ्लीटवुडने जुने जमाखर्च धुंडाळले आणि पाच पौंडांत त्या काळी पाच क्वार्टर गहू, चार पिंपे बिअर व सहा यार्ड कापड येत असे असे धरून तेवढ्याच वस्तूंस स्वतःच्या काळी किती पडते ते पाहिले. उत्तर अठ्ठावीस ते तीस पौंड असे आले. त्या जुन्या पद्धतीत आजच्या कंसकारांनी घ्यावा असा एक गुण आहे. फ्लीटवुडने ‘पौंडाचे मोल’ सर्वसाधारणपणे शोधले नाही. विद्यापीठात राहणाऱ्या एकट्या विद्वानास लागते काय, एवढाच त्याचा प्रश्न; म्हणून त्याच्या टोपलीत भाकरी, पेय आणि अंगावरचे वस्त्र आले, जमीन आली नाही की घोडेही आले नाहीत. प्रश्न अरुंद होता आणि उत्तर त्या प्रश्नापुरतेच होते.

ग्राहक मूल्य निर्देशांक हा तत्त्वतः याच जातीचा आहे. एका विशिष्ट वर्गातील कुटुंबे एका विशिष्ट काळी ज्या वस्तू व सेवा ज्या प्रमाणात घेत होती, त्याच त्याच प्रमाणात पुढे घ्यावयाच्या झाल्यास किती पट खर्च येईल, हे तो सांगतो. त्या वर्गाची, त्या टोपलीची आणि त्या बाजाराची मर्यादा सोडून तो जो जो दूर नेला जातो, तो तो त्याच्या उत्तरात मापनापेक्षा कल्पनेचा अंश वाढत जातो. हे केवळ तात्त्विक नाही. मुंबईच्या निर्देशांकाचा इतिहास पाहिला तर टोपलीत काय ठेवले आणि कोणती किंमत ‘किंमत’ मानली, यावर लाखो माणसांचे पोट अवलंबून होते असे आढळते.

मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ साली सुरू झाले आणि त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ मध्ये मुंबईतील कामगारवर्गाच्या राहणी-खर्चाचा निर्देशांक छापला जाऊ लागला. पाया जुलै १९१४ चा. त्या यादीत एकूण चोवीस बाबी होत्या : तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा व तूरडाळ, साखर, गूळ, चहा, मीठ, गोमांस व मटण, दूध, तूप, बटाटे, कांदे, खोबरेल तेल, रॉकेल, जळाऊ लाकूड, कोळसा, धोतरे, शर्टिंग, टी-क्लॉथ, आणि शेवटी घरभाडे. ही यादी वाचताना गिरणगावाची ओळख असणाऱ्या कोणाच्याही ध्यानात एक गोष्ट येईल. तीत मासळी नाही. ज्या गिरणगावात रत्नागिरीकडील माणूस खोल्या-खोल्यांतून भरलेला होता, जेथे सुक्या बोंबलाचा वास हा चाळीचाच वास होता, त्या गिरणगावाच्या अन्नाच्या यादीत गोमांस आणि मटण आहे, पण ताजी अथवा सुकी मासळी नाही. मिरची नाही, विडी नाही, सुपारीही नाही. याचे कारण असे की या वस्तूंचे भार मुंबईतील कुटुंबांना विचारून ठरविलेले नव्हते. महायुद्धापूर्वी साऱ्या हिंदुस्थानात कोणती वस्तू किती खपत असे, याच्या ढोबळ अंदाजावरून ते घेतले होते. फिंडले शिरास यांनी मुंबईतील कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची पाहणी करून तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर निर्देशांक चालू झालेला होता. कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेले भार १९३२-३३ च्या नव्या पाहणीनंतरच आले आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष शंभर मानणारी मालिका तयार झाली.

तेव्हा १९१४ मधील गिरणी कामगाराच्या पगाराचे ‘आजचे’ मोल काढणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे की त्याच्या साखळीची पहिली कडी मुंबईच्या कामगाराने कधी न भरलेल्या टोपलीवर अडकविलेली आहे. यामुळे आकडा निरर्थक ठरतो असे नाही. धान्याचे भाव हेच त्या काळच्या खर्चाचे मुख्य अंग असल्याने ढोबळ दिशा बरोबरच निघते. पण मग उत्तरही ढोबळच द्यावे. तेथे दशांश चिन्ह शोभत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर या निर्देशांकाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत तो संशोधकांच्या व अधिकाऱ्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आता तो पगाराचा भाग झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांत महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधला गेला, आणि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक न्यायालयाने जे प्रमाण ठरविले त्यानुसार निर्देशांक १०५ च्या वर जितके अंक जाईल त्या प्रत्येक अंकामागे कामगारास दररोज १.९ पै भत्ता मिळू लागला. किमान मूळ वेतन महिना सव्वीस दिवसांचा धरून तीस रुपये होते. हा १.९ पैचा दर कोठून आला हेही हिशेबाने दिसते : तीस रुपयांच्या ५,७६० पया, त्या १०५ ने भागल्या तर एका अंकास सुमारे ५५ पया येतात, त्यांच्या नव्वद टक्के म्हणजे महिन्यास सुमारे ४९.४ पया, आणि सव्वीस दिवसांवर वाटल्यास दररोज १.९ पै. अर्थात महागाईची भरपाई पूर्ण नव्हती, नव्वद टक्के होती. आणि तीही सर्वांत कमी पगाराच्या कामगारापुरती. वरच्या पगाराच्या विणकऱ्याला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात ती आणखी कमी पडे.

या दराचा अर्थ ताळेबंदात मांडला तर निर्देशांकातील लहानशा चुकीची किंमत समजते. निर्देशांक दहा अंकांनी कमी दाखविला गेला तर प्रत्येक कामगारास महिन्याला ४९४ पया, म्हणजे अडीच रुपयांहून थोडे अधिक, कमी मिळत. वर्षाचे हे नुकसान तीस रुपयांच्या वर जाते. म्हणजे पुरा एक महिन्याचा मूळ पगार. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी दोन लाखांच्या आसपास कामगार होते, हे ध्यानात घेतले की एका सांख्यिकी कार्यालयातील भावनोंदीस मालक आणि कामगार दोघेही इतक्या संशयाने का पाहत याचे नवल वाटत नाही.

आणि नोंद करण्याजोगी किंमत तरी कोणती? १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर तांदूळ मिळे तो एका भावाने, आणि पुरेसा नसल्यामुळे बाहेरून घ्यावा लागे तो दुसऱ्याच भावाने. नियंत्रित भाव नोंदविणे सोपे, कारण तो छापलेला असतो. काळ्या बाजाराचा भाव विचारणाऱ्यास कोणी सांगत नाही. तरीही कामगाराच्या खिशातून पैसे जात ते दोन्ही भावांनी. टोपलीतील एखादे कापड गिरणीने विणणेच बंद केले तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे लागे. ते अधिक महाग असेल तर फरक गुणाचा की महागाईचा, हा निर्णय कार्यालयातच व्हावयाचा. एकटा कामगार खानावळीत जेवे. त्याच्या लेखी तांदळाचा भाव हा अप्रत्यक्ष होता, खानावळवालीने मागितलेली महिन्याची रक्कम हा खरा भाव.

घरभाड्याचा प्रश्न तर याहून अवघड. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरविले. ज्याच्या नावावर खोली होती त्याचे भाडे पुढे दशकानुदशके जवळजवळ गोठून राहिले, आणि त्याच्यापुरते पाहिले तर निर्देशांकात भाडे स्थिर दाखविणे अगदी बरोबर होते. पण नव्याने मुंबईस आलेल्या माणसास खोली त्या भाड्याने मिळतच नव्हती. त्याला पागडी मोजावी लागे, अथवा कोणाचा पोटभाडेकरू म्हणून दुप्पट-तिप्पट देऊन कोपरा धरावा लागे, अथवा वीस-पंचवीस माणसांच्या गाळ्यात पथारीपुरती जागा घ्यावी लागे. पागडी ही एकरकमी. ती ‘किंमत’ की ‘गुंतवणूक’? तिला पावती नाही, म्हणून ती पाहणीत नाही. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांचे राहणी-खर्चाचे निर्देशांक अशा प्रकारे भिन्न असू शकत होते, आणि छापील निर्देशांक त्यांपैकी ज्या कुटुंबाचा होता ते कुटुंब दरवर्षी संख्येने घटत होते. २००० सालापासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानंतरही जुन्या भाडेकरूंचा आणि मुक्त बाजारातील भाडेकरूंचा हा दुहेरी हिशेब मुंबईत पुरता मिटलेला नाही.

अशा साचत गेलेल्या तक्रारींचा स्फोट १९६३ मध्ये झाला. भाव चढत असता निर्देशांक मात्र मागे राहतो, म्हणून भत्ता बुडतो, असा कामगार संघटनांचा आक्षेप होता. त्या वर्षी २० ऑगस्ट रोजी मुंबई बंद झाली. राज्य सरकारने मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने कामगारांचा आक्षेप मूलतः ग्राह्य धरला : मुंबईचा निर्देशांक प्रत्यक्ष भाववाढीच्या मागे पडला होता आणि त्यात दुरुस्ती करणे आवश्यक होते. रस्त्यावर उतरलेल्या माणसांची तक्रार सांख्यिकीच्या कसोटीस उतरली, अशी उदाहरणे फार नाहीत. पुढे १९६० च्या पायाची नवी मालिका आली तेव्हा मुंबईच्या १९३३-३४ च्या मालिकेशी तिचा सांधा ४.४४ या गुणकाने घातला गेला, आणि वेतनविषयक तंट्यांत हा आकडा कित्येक वर्षे उद्धृत होत राहिला. एका महायुद्धाचा, शिधावाटपाचा, गोठलेल्या भाड्यांचा आणि एका बंदचा इतिहास ‘४.४४’ या तीन अंकांत दडलेला आहे, याची जाणीव तो आकडा वापरणाऱ्या चरित्रकारास नसते.

येथे सिद्धांत आणि इतिहास यांच्यातील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पाठ्यपुस्तके असे शिकवितात की स्थिर टोपलीचा निर्देशांक, म्हणजे जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेर याने १८७१ मध्ये मांडलेल्या सूत्राचा, महागाई वाढवून दाखवितो. कारण उघड आहे : तूरडाळ महाग झाली तर गृहिणी मसुरीकडे वळते, पण निर्देशांक तूरडाळच घेत राहतो. नव्या वस्तू त्यात उशिरा येतात आणि गुणातील सुधारणा निसटून जाते. अमेरिकेत बॉस्किन आयोगाने १९९६ मध्ये तेथील निर्देशांक दरसाल सुमारे १.१ टक्क्याने जास्त दाखवितो असा निष्कर्ष काढला, आणि आपल्याकडील अध्यापनात तो निष्कर्ष सार्वत्रिक नियमासारखा सांगितला जातो. दरसाल १.१ टक्का ही चूक लहान दिसते, पण साठ वर्षे साचली तर ती आकडा जवळजवळ दुप्पट करते. मुंबईत मात्र चूक उलट दिशेने झाली. सूत्र वर ओढीत असता नोंदविल्या जाणाऱ्या किंमती खाली ओढीत होत्या, आणि किंमतींची ओढ जबर ठरली. यावरून इतकेच निघते की निर्देशांकाच्या चुकीची दिशा सूत्रावरून सांगता येत नाही. त्या त्या काळी, त्या त्या गावी भाव कसा गोळा केला जात होता हे पाहावे लागते. बॉस्किनचा टक्का घेऊन भारतीय मालिका ‘दुरुस्त’ करू पाहणारे लेखन यामुळे आधारहीन ठरते.

आता पुन्हा ९,४४७ कडे वळता येईल. या आकड्यात तीन सांधे आहेत. सांधा घालताना नव्या व जुन्या टोपलीचा खर्च एका समान काळी सारखा मानला जातो आणि पुढचा प्रवास नव्या टोपलीबरोबर चालू होतो. प्रत्येक सांध्यात एकाच दिशेने पाच टक्क्यांची चूक राहिली असे घटकाभर धरले तरी शेवटी सोळा टक्क्यांचे अंतर पडते. पण हा भाग गौण आहे. मुख्य गोष्ट अशी की सांध्याच्या दोन बाजूंची कुटुंबे एकसारखी नसतात. १९६० च्या मालिकेत अन्नाचा भार शंभरात सुमारे ६१ होता; १९८२ च्या मालिकेत तो ५७, २००१ च्या मालिकेत ४६ आणि २०१६ च्या मालिकेत ३९ झाला. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हे एंगेलने १८५७ मध्येच दाखविले आहे. म्हणजे टोपलीचा हा पालट राहणीमानातील पालटाची साक्ष देतो. औषधे, शिक्षण, प्रवास, दूरध्वनी यांनी धान्याची जागा घेतली. साखळी-निर्देशांकाला मात्र ही साक्ष ऐकू येत नाही. प्रत्येक सांध्याच्या वेळी राहणीमानातील वाढ सांध्याच्या फटीतून गळून जाते आणि उरतो तो केवळ भावांचा पट.

परिणामी कंसातील आकडा वाचकाला जे सुचवितो ते बहुधा खोटे असते. १९६० मधील शंभर रुपये पगाराचा शिक्षक हा आजच्या साडेनऊ हजार मिळविणाऱ्या माणसासारखा होता, असे वाचकाच्या मनात उभे राहते. पण त्या काळच्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार १९६०-६१ चे दरडोई वार्षिक राष्ट्रीय उत्पन्न तीनशे ते सव्वातीनशे रुपयांच्या घरात होते. पाच माणसांच्या सरासरी कुटुंबाचे ते महिन्यास सव्वाशे-एकशे पस्तीस रुपये होते. शंभर रुपयांचा शिक्षक सरासरीच्या किंचित खाली होता, आणि खेड्यात तो प्रतिष्ठित होता. २०२३-२४ मध्ये दरडोई उत्पन्न चालू किंमतींनी पावणेदोन लाखांच्या वर गेले होते. म्हणजे साडेपाचशे ते सहाशे पट. समाजातील स्थान हाच प्रश्न असेल तर शंभराचे उत्तर पंचावन्न ते साठ हजारांच्या दरम्यान येते. उलट २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी माणसाचा दरडोई मासिक खर्च सरासरीने ६,४५९ रुपये आढळला. साडेनऊ हजारांत पाच माणसांचे शहरी घर चालविणारा आज दारिद्र्याच्या काठावर असेल. तोच शंभराचा आकडा, उत्तरे मात्र दोन. आणि दोन्ही आपापल्या प्रश्नास बरोबर. ‘तेवढ्याच वस्तू आज घ्यावयाच्या तर’ असा प्रश्न असेल तर निर्देशांक. ‘त्या माणसाची पत काय होती’ असा प्रश्न असेल तर उत्पन्नाशी गुणोत्तर. चरित्रकाराचा प्रश्न बहुधा दुसरा असतो आणि तो उत्तर पहिल्याचे छापतो.

तिसरे साधन घरोघर वापरले जाते ते सोन्याचे. १९६० मध्ये दहा ग्रॅम सोने शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात होते, २०२४ च्या अखेरीस ते पंचाहत्तर हजारांच्या वर होते. तेव्हा ‘आजोबांचा पगार म्हणजे तोळाभर सोने’ हे वाक्य लग्नघरी ऐकू येतेच. सोने ही टोपली नव्हे. तिचा भाव देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांच्या आणि सट्ट्याच्या हवेवर चढतो-उतरतो. त्यावरून आजोबांच्या ताटात काय वाढले जात होते हे कळत नाही.

वर्गाची गल्लतही तितकीच सर्रास होते. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे यांतील कामगारांच्या कुटुंबांवर बेतलेला आहे. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षक, कोल्हापूर संस्थानातील कारभारी किंवा वऱ्हाडातील कपाशीचा शेतकरी यांपैकी कोणीही त्यात नाही. शेतमजुरांसाठी स्वतंत्र निर्देशांक आहे. जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याच्या घरखर्चाचा तसा स्वतंत्र निर्देशांक नाही, आणि त्याच्या घरात येणारे धान्य बहुतांशी घरचेच असल्यामुळे तो काढणेही सोपे नाही. वऱ्हाडातील कर्जबाजारीपणाविषयीच्या लेखनात सावकाराच्या जुन्या रकमा कारखान्यातील कामगाराच्या निर्देशांकाने ‘आजच्या’ केलेल्या दिसतात, तेव्हा मुंबईच्या चाळीचा खर्च यवतमाळच्या शिवारावर लादला जातो. मोठ्या भांडवली रकमांच्या बाबतीत तर हे साधन अजिबातच लागू पडत नाही. एखाद्या शिक्षणसंस्थेस इमारतीसाठी मिळालेली देणगी ज्वारी, रॉकेल आणि धोतरांत मोजण्यात अर्थ नसतो. त्या रकमेत गवंड्याचे व बिगाऱ्याचे किती दिवस काम करून घेता आले असते, हे जुन्या मजुरीच्या दरांवरून सांगता येते आणि ते अधिक बोलके असते.

दोन लहान दोषांचा उल्लेख करून पुढे जाता येईल, कारण ते केवळ अनवधानाचे आहेत. अंक आणि टक्का यांत भेद केला जात नाही. डिसेंबर २०२३ चा निर्देशांक १३८.८ आणि डिसेंबर २०२४ चा १४३.७, वाढ ४.९ अंकांची, पण टक्क्यांत ती ३.५ आहे, आणि तीच वाढ १९६० च्या पायावर लिहिली तर तीनशेवीसहून अधिक अंकांची दिसते. तसेच दोन शहरांचे निर्देशांक शेजारी ठेवून मोठा आकडा असलेले शहर महाग, असे विधान वृत्तपत्रांतून दरसाल होते. दोन्ही शहरे पायाभूत वर्षी शंभर मानलेली असतात. त्या वर्षी मुंबई नागपूरपेक्षा किती महाग होती हे त्या शंभरात नाहीच. निर्देशांकावरून कोठे भाव अधिक वेगाने वाढले एवढेच कळते.

या दोषांवरून निर्देशांकच टाकून द्यावेत, असा निष्कर्ष काढणारा एक पक्ष आहे. ‘सरकारी आकडा’ म्हणून हात झटकणे सोयीचे असते, पण १९६३ चा अनुभव त्याविरुद्धच जातो. त्या वेळी कामगारांनी निर्देशांक नाकारला नाही. तो बरोबर काढा असे म्हटले. आकडा उघडपणे, दरमहा, वस्तुनिहाय छापला जात होता म्हणूनच त्यातील खोट दाखविता आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. नीलकंठ रथ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९७७-७८ मध्ये अशाच प्रकारे ग्राहक मूल्य निर्देशांकांची रचना तपासली. गुप्त आकड्याविरुद्ध बंद पुकारता येतो, पण तो दुरुस्त करून घेता येत नाही.

वापरणाऱ्याची जबाबदारी मात्र अशा समित्यांवर टाकता येत नाही, आणि ती किती आहे हे गिरणी कामगाराच्या वेतनाच्याच उदाहरणाने दिसते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ‘गिरणी कामगारास तीस रुपये मिळत’ असे विधान मराठी ग्रंथांत अनेक ठिकाणी सापडते आणि त्यापुढे रूपांतराचा कंसही सापडतो. तीस रुपये हे किमान मूळ वेतन होते. निर्देशांक ३०० असेल तर १०५ च्या वरच्या १९५ अंकांसाठी भत्ता महिन्यास ९,६३३ पया, म्हणजे पन्नास रुपये पावणेतीन आणे होतो. तेव्हा कामगाराच्या हाती तीस नव्हे तर ऐंशी रुपये पडत. तीस रुपयांची ती पातळी स्वातंत्र्योत्तर भावांवर नव्हे तर निर्देशांक १०५ असतानाच्या भावांवर उभी होती. मधल्या महागाईची भरपाई भत्त्यात होती. तीस रुपयांस पुन्हा महागाईच्या गुणकाने गुणणारा लेखक भत्ता वगळतो, आणि पायाभूत वर्ष म्हणून १९४७ किंवा १९४८ धरून युद्धकाळातील सगळी भाववाढही वगळतो. त्याचा कामगार प्रत्यक्षातील कामगाराच्या निम्म्याहूनही गरीब ठरतो. त्या महिन्याचा निर्देशांक ‘लेबर गॅझेट’च्या अंकात छापलेला आहे, तो पाहून १.९ पैने गुणण्यास पाच मिनिटे लागतात.